कंबर किती दुखते, यापेक्षा सोबत काय आहे ते पाहा

आषाढात पाऊस जमला, बांध्या भरल्या आणि रोवणीला जोर आला की आमच्या ओपीडीतली रांग लांबूनच ओळखू येते. एक हात कंबरेवर, दुसऱ्या हातात केसपेपर. "डॉक्टर साहेब, कमर धरली जी," हे वाक्य त्या महिना-दीड महिन्यात दिवसातून किती वेळा ऐकू येते, याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली. दिवसभर चिखलात कंबरेतून वाकायचे, एका हातात पऱ्ह्यांची मूठ धरायची आणि दुसऱ्या हाताने रोवत रोवत मागे सरकायचे. संध्याकाळी धुऱ्यावर येऊन सरळ उभे राहताना जी कळ येते, ती गोंदिया जिल्ह्यातल्या बहुतेक घरांना ठाऊक आहे.

रोवणी संपली म्हणून कंबर सुटत नाही. दिवाळीनंतर धान खरेदी केंद्रांवर ४० किलोचे कट्टे उचलणारे येतात. राईस मिलमधले हमाल वर्षभर येतात. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणारे येतात, मांडी घालून तासन् तास विड्या वळणाऱ्या बाया येतात. आता त्यांच्या जोडीला खुर्चीला खिळलेले बँक कर्मचारी आणि रोज मोटारसायकलवरून गावोगाव जाणारे शिक्षकही आले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगातील ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, म्हणजे साधारण तेरा माणसांत एकाला. तेव्हा हे दुखणे काही केवळ आपल्या बांधीतले नाही.

या सगळ्यांच्या मनात प्रश्न एकच असतो: यात काही मोठे तर नाही ना? बाम लावून कामाला जायचे, की रोजी बुडवून दवाखाना गाठायचा? याचे उत्तर बहुतेक लोक दुखण्याच्या तीव्रतेवरून ठरवतात. जास्त दुखले तर डॉक्टर, कमी दुखले तर घरीच. तीस वर्षे हेच रुग्ण पाहिल्यावर मी सांगतो, की हे माप फसवे आहे.

दोन रुग्ण

पहिला रुग्ण एका राईस मिलमधला हमाल, पस्तिशीचा. पोते उचलताना कंबरेत चमक निघाली आणि गडी जागच्या जागी बसला. चार जणांनी ऑटोत घालून आणला. कूस बदलताना ओरडत होता. घरचे घाबरून गेले होते, नागपूरला न्यायला गाडी सांगून ठेवली होती. मी तपासले. दोन्ही पायांत ताकद पूर्ण होती, बधिरपणा कुठेच नव्हता, लघवी नेहमीसारखी होत होती. ताप नाही, वजनात घट नाही, मार नाही. त्याला पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, शेक सांगितला आणि दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात चालायला लावले. गाडी परत पाठवली. दोन आठवड्यांनी तो स्वतः सायकल चालवत दाखवायला आला.

दुसरी रुग्ण माझ्या उमेदवारीच्या काळातली. तेव्हा मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. चाळिशीची, अंगाने बारीक बाई. "थोडी थोडी कमर दुखते," एवढेच सांगायची. ओरडणे नाही, रडणे नाही. तीन महिन्यांत ती तीनदा आली आणि तिन्ही वेळा मी तिला दुखण्याचे इंजेक्शन आणि गोळ्या देऊन पाठवले. चौथ्यांदा आली तेव्हा नवऱ्याच्या पाठुंगळी होती. दोन्ही पाय लुळे पडत चालले होते. मणक्याला क्षयरोग झाला होता. नंतर आमच्या सिस्टरने सांगितले, की दुसऱ्या खेपेला ती बाई हसत हसत तिच्याजवळ म्हणाली होती, "चालता चालता चप्पल पायातून निघून जाते, मले समजतच नाही." ते वाक्य माझ्यापर्यंत आले नाही, कारण मी विचारलेच नव्हते. तिच्या पाठीवरून हातही फिरवला नव्हता. फिरवला असता तर एक मणका टोचल्यासारखा वर आलेला बोटांना लागला असता.

उपचारांनी ती पुन्हा उभी राहिली. पण पाठीला बाक राहिला आणि हातात काठी आली. जो ओरडत आला तो दोन आठवड्यांत बरा झाला, आणि जी हळू आवाजात बोलली ती जन्माची अधू झाली. म्हणून कंबर किती दुखते, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, दुखण्यासोबत आणखी काय आहे?

बहुतेक कंबर आपणहून सुधारते

आधी धीर देणारी गोष्ट. कंबरदुखीच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे नव्वद जणांत कोणताही विशिष्ट आजार सापडत नाही. स्नायू, मणक्यांना बांधणारे पट्टे, दोन मणक्यांमधली गादी किंवा मागचे छोटे सांधे, यांपैकी काहीतरी ताणलेले असते. ते नेमके कोणते, हे तपासण्या करूनही बहुधा सांगता येत नाही आणि उपचारासाठी ते कळायची गरजही नसते. उसण भरली, लचक भरली, चमक निघाली, ही सगळी याच घरची नावे. यातले बरेच जण चार ते सहा आठवड्यांत पुष्कळ सुधारतात.

या काळात काय करावे? पहिली गोष्ट, खाट धरू नये. 'आठ दिवस हलू नको' हा सल्ला आमच्या पिढीच्या डॉक्टरांनीही दिला आहे. पण १९८६ मध्ये अमेरिकेत २०३ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितले गेले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले आणि बाकी बाबतींत दोन्ही गट सारखेच निघाले. पुढे १९९५ मध्ये फिनलंडमध्ये झेपेल तेवढे नेहमीचे काम करत राहिलेले रुग्ण झोपून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. तेव्हा पहिला एखादा दिवस आराम ठीक आहे, त्यानंतर उठावे, चालावे, हलकी कामे करावीत. जड ओझे आणि वाकून करायचे काम तेवढे थांबवावे.

दुसरी गोष्ट, शेक. गरम पाण्याची पिशवी असो की तव्यावर तापवलेले फडके, फायदा होतो. फक्त कातडी भाजू देऊ नये, विशेषतः मधुमेह असेल तर. हलक्या हाताने तेल लावण्यासही हरकत नाही. तिसरी, दुखणे कमी करणारी गोळी. ती जेवणानंतर, थोडे दिवस आणि डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर, हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी आणि गर्भवतींनी मेडिकल दुकानातून परस्पर गोळी घेणे धोक्याचे आहे.

चौथी गोष्ट एमआरआयची. आजकाल रुग्ण खुर्चीत बसायच्या आधी विचारतो, "साहेब, एमआरआय काढून येऊ का?" हजारो रुपये आणि जाण्यायेण्याचा खर्च, आणि हाती काय येते? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांची छायाचित्रे पाहिली गेली. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली, ऐंशीच्या घरात ती ९६ टक्क्यांत होती. गादी फुगलेली विशीतल्या ३० टक्क्यांत आढळली. ही सगळी न दुखणारी माणसे! केस पांढरे व्हावेत तशी गादी झिजते. त्यामुळे अहवालात 'गादी सरकली' हे शब्द वाचून कोणी हाय खाऊ नये, आणि त्या दोन शब्दांवर शस्त्रक्रियेलाही तयार होऊ नये. एमआरआय लागतो तो पुढे सांगितलेल्या खुणा असतील तेव्हा. आणि तेव्हा मात्र तो लगेच लागतो.

लाजेपोटी न सांगितलेली गोष्ट

सर्वांत तातडीची खूण आधी सांगतो, कारण तिच्याबद्दल लोक बोलत नाहीत.

मेंदूपासून निघालेली मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते. त्याखाली नसांचा एक झुपका मणक्यांच्या पोकळीत लोंबत असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. पायांची काही ताकद, लघवी आणि शौचावरचा ताबा, जननेंद्रियांची संवेदना, हे सगळे या नसांच्या हाती. क्वचित एखादी गादी एवढी मोठी फुटते की हा पूर्ण झुपका दाबला जातो. मग लघवीची भावना होते पण ती सुरू होत नाही. किंवा मूत्राशय भरल्याचे कळतच नाही आणि कपडे ओले होतात. सायकलच्या सीटवर बसल्यावर जो भाग टेकतो तो बधिर होतो, शौचानंतर धुताना हाताचा स्पर्श कळत नाही. दोन्ही पायांत कळा जातात किंवा दोन्ही पाय जड होतात.

हे दुर्मीळ आहे. पण झाले तर मोजायचे ते तास. नसांवरचा दाब शक्यतो २४ ते ४८ तासांत काढावा लागतो. उशीर झाला तर कंबर बरी होईल, पाय चालतील, पण लघवीची नळी जन्मभर सोबत राहू शकते. आणि रुग्ण हे सांगत नाही. बाया सासूसमोर बोलत नाहीत, पुरुष बायकोसमोर बोलत नाहीत, आणि ओपीडीत तर मागे दहा माणसे उभी असतात. म्हणून घरच्यांनी विचारावे, "लघवी बरोबर होते ना? बसायच्या जागी मुंग्या, बधिरपणा नाही ना?" उत्तर संशयाचे आले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाकडे निघावे.

याच्या अलीकडची पायरी म्हणजे एका पायाची नस दाबली जाणे, ज्याला लोक सायटिका म्हणतात. कुल्ल्यापासून गुडघ्याखाली पोटरीपर्यंत, पंजापर्यंत कळ जाते. हे दुखणे असह्य असते, तरीही बहुतेकांचे सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय बसते. यात पाहायची ती ताकद. भिंतीचा आधार घेऊन दहा पावले टाचांवर आणि दहा पावले चवड्यांवर चालून पाहावे. एक पाय टाचेवर उभाच राहत नसेल, पंजा जमिनीला घासत असेल, चप्पल नकळत निसटत असेल, तर नस कमकुवत होत आहे. ही खूण दिसली तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे, मग दुखणे कमी झालेले असले तरी. कधी कधी नस मरू लागली म्हणूनच दुखणे कमी होते.

मणक्याचा क्षयरोग

क्षयरोग म्हटले की आपल्याला खोकला आठवतो. पण हा रोग हाडांतही शिरतो आणि हाडांमध्ये त्याची सर्वांत आवडती जागा पाठीचा कणा आहे. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये पाठीला कुबड येऊन पाय लुळे पडणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. तेव्हा जंतू माहीत नव्हता. आज जंतू माहीत आहे, औषध आहे, ते फुकट मिळते, आणि तरीही लुळे पाय घेऊन रुग्ण येतात. याचे कारण एकच, वेळ.

हे दुखणे एका झटक्यात सुरू होत नाही. ते आठवड्यागणिक वाढते. रात्री झोपेतही राहते, विश्रांतीने फारसे हटत नाही. कंबरेत किंवा त्याच्या थोडे वर, एका ठरावीक मणक्यावर दाबले की दुखते. संध्याकाळी कणकण, भूक मंदावणे, वजन उतरणे हे असू शकते, पण प्रत्येकात असतेच असे नाही. खोकला तर बऱ्याच जणांना नसतो. म्हणून 'ताप नाही, खोकला नाही, म्हणजे क्षय नाही' हा हिशेब चुकतो. सुरुवातीच्या दिवसांत साधा एक्स-रेही स्वच्छ दिसू शकतो. सहा आठवडे उलटूनही दुखणे वाढतच असेल, घरात कोणाला क्षय झालेला असेल, मधुमेह किंवा एचआयव्ही असेल, तर रक्ताची तपासणी आणि एमआरआय करून घ्यावा लागतो. कधी सुईने त्या जागेचा नमुना काढून जंतूची आणि औषधे लागू पडतील की नाही याची तपासणी करतात.

उपचार किमान १२ महिन्यांचा असतो, काहींना १८ महिने लागतात. फुप्फुसाच्या क्षयाचे सहा महिने ऐकून लोक मध्येच गोळ्या सोडतात, ते करू नये. औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत आणि निक्षय पोषण योजनेत आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये खात्यात जमा होतात. वेळेत गोळ्या सुरू झाल्या तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही, आणि पाय कमजोर झाल्यावरही अनेक जण पुन्हा चालतात. माझ्या त्या रुग्णाला तीन महिने आधी गोळ्या मिळाल्या असत्या तर काठी लागली नसती.

आपल्या भागातला सिकलसेल

पूर्व विदर्भातल्या डॉक्टरला कंबरदुखीत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, जो पुण्या-मुंबईत क्वचितच लागतो. "सिकलसेल तपासला आहे का?" नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मधून मध्य भारतातील सिकलसेलकडे लक्ष वेधले होते. या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रक्त न पोहोचलेले हाड दुखू लागते, आणि त्यात कंबर, पाठ, मांड्या यांची पाळी वारंवार येते. शरीरातले पाणी कमी होणे, थंडी, अतिश्रम आणि ताप ही त्याची निमित्ते. दिवसभर पावसात भिजत, पाणी न पिता केलेली रोवणी म्हणजे ही निमित्ते एकाच वेळी गोळा करणे होय.

सिकलसेलग्रस्त व्यक्तीची कंबर तापासह दुखत असेल तर ती साधी कंबरदुखी धरू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हाडात जंतूंचा संसर्ग झालेला असू शकतो. छातीत दुखणे किंवा दम लागणे सुरू झाले तर अजिबात थांबू नये. दुसरे, या रुग्णांत मांडीच्या हाडाचा गोल डोका रक्ताअभावी झिजतो. आपल्याकडे खुब्याच्या दुखण्यालाही 'कमर दुखते' असेच म्हणतात. जांघेत दुखत असेल, मांडी घालून बसता येत नसेल, चाल लंगडी झाली असेल, तर दोष कंबरेत नसून खुब्यात असण्याची शक्यता मोठी. मग कंबरेचे एक्स-रे काढत बसून काही सापडत नाही.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी केली जाते. बोटावरच्या रक्ताची प्राथमिक चाचणी गावपातळीवर होते. ज्या तरुणाचे हात, पाय, कंबर लहानपणापासून पाळीपाळीने दुखतात, त्याने ती एकदा करून घ्यावीच.

इतर काही खुणा

म्हातारी आई मोरीत घसरून बसली आणि त्या दिवसापासून पाठ दुखते, असे असेल तर एक्स-रे काढावा. पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ होतात आणि साध्या आदळण्याने, कधी नुसत्या शिंकेने, मणका चेपतो. दीर्घकाळ स्टेरॉईड घेतलेल्यांचेही तसेच.

पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीची कंबर नव्याने दुखू लागली तर ते आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना सांगावे. स्तन आणि प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यात पसरू शकतो. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कंबर धरली, वजन उतरत आहे, रात्र रात्र झोप नाही, हे एकत्र असेल तर तपासण्या टाळू नयेत.

विशी-तिशीतला मुलगा पहाटे कंबरेच्या दुखण्याने जागा होतो, सकाळी अर्धा-पाऊण तास शरीर आखडलेले असते आणि कामाला लागल्यावर मोकळे होते, असे तीन महिन्यांहून अधिक चालले असेल तर तो सांध्यांचा दाह असू शकतो. साधी कंबर विश्रांतीने सुधारते, ही विश्रांतीने बिघडते. वेळीच औषध मिळाले नाही तर कणा बांबूसारखा ताठ होतो.

आणि प्रत्येक कंबरदुखीचे मूळ कंबरेत नसते. एका कुशीत उठून जांघेकडे जाणारी, मळमळीसह येणारी कळ मुतखड्याची असते. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ आणि कुशीत दुखणे ही मूत्रपिंडाच्या संसर्गाची लक्षणे. बाळंतपणांनंतर 'अंग बाहेर येते' तेव्हाही कंबर ओढल्यासारखी दुखते. त्या बाया वर्षानुवर्षे कंबरेचा बाम लावत राहतात आणि खरे दुखणे कोणालाच सांगत नाहीत. सांगितले तर त्यावर इलाज आहे. साठीपुढच्या विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला अचानक पोट आणि पाठ एकाच वेळी फाडल्यासारखी दुखू लागली, घाम फुटला, तर पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून फुटलेली असू शकते. तिथे मिनिटेसुद्धा महत्त्वाची.

पायाळू, मालिश आणि पुडी

पायाने जन्मलेल्या माणसाने कंबरेला लाथ लावली की उसण उतरते, असे आपल्याकडे मानतात. मी यावर कोणाशी भांडत नाही. उसण दोन-चार दिवसांत उतरतेच, त्याचे श्रेय पायाळूला मिळते. माझी विनंती एवढीच, की म्हाताऱ्या माणसाच्या, ताप असलेल्याच्या, वजन उतरलेल्याच्या आणि पाय बधिर झालेल्याच्या पाठीला लाथ, बुक्की, जोराची मालिश किंवा 'मणका बसवणे' यांतले काहीही होऊ देऊ नये. क्षयाने पोखरलेला मणका अशा झटक्याने खाली बसू शकतो.

पायाळूपेक्षा मला भीती वाटते ती बिननावाच्या पुडीची. एका दिवसात आराम देणाऱ्या अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉईड मिसळलेले असते. दुखणे दबते, तापही दबतो, आणि आतला क्षय वाढत राहतो. वर हाडे ठिसूळ होतात ते वेगळेच. दर आठवड्याला 'कमरेत इंजेक्शन' घेणाऱ्यांनीही स्वतःला विचारावे, की आपल्याला आजाराचे नाव कोणी सांगितले आहे का? माझ्या त्या रुग्णाला मी तीनदा इंजेक्शन दिले तेव्हा मीही नाव सांगितले नव्हते.

केव्हा, कुठे?

घराच्या दाराला चिकटवून ठेवता येईल असा हिशेब देतो.

*त्याच तासाला निघा :* लघवी अडणे किंवा नकळत होणे, बसायची जागा बधिर होणे, दोन्ही पाय लुळे पडणे, उंचावरून पडणे किंवा अपघात, कंबरेसोबत अचानक पोटात प्रचंड दुखून घाम व चक्कर.

*आज-उद्याच दाखवा :* कंबरदुखीसोबत ताप, एका पायाची ताकद कमी होणे, चप्पल निसटणे, सिकलसेलग्रस्ताचे दुखणे, पूर्वी कर्करोग झालेल्याचे नवे दुखणे, वृद्ध व्यक्तीचे पडल्यानंतरचे दुखणे, लहान मुलाची कंबर दुखणे.

*या आठवड्यात दाखवा :* रात्री झोपेतून उठवणारे, दिवसागणिक वाढणारे दुखणे, वजन घटणे, पाठीत एखादा मणका वर आल्यासारखा लागणे, तरुणाचे पहाटेचे आखडणे.

*सहा आठवडे झाले :* यांपैकी काही नसले, तरी दुखणे हटत नसेल तर एकदा तपासून घ्याच.

एक खूण आढळली म्हणजे मोठा आजार झालाच, असे नाही. बहुतेक वेळा तपासणीत काही निघत नाही आणि माणूस निश्चिंत होऊन घरी जातो. पण दोन-तीन खुणा एकत्र आल्या तर टाळू नये. सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून करावी, आशाताईंना विचारावे. डॉक्टरांना फक्त 'कमर दुखते' सांगून थांबू नका. केव्हापासून, वाढते की घटते, ताप, वजन, पाय, लघवी, घरात क्षय, सिकलसेल, ही आठ उत्तरे तयार ठेवा. गर्दीच्या ओपीडीत आम्हाला दोन-तीन मिनिटे मिळतात, त्यात ही आठ उत्तरे एक्स-रेपेक्षा जास्त सांगतात. बोलायला संकोच वाटत असेल तर बाजूला घेऊन ऐका, असे डॉक्टरांना किंवा सिस्टरला सरळ सांगा.

बरे झाल्यावर पुन्हा कंबर धरू नये म्हणून काय? चालणे. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी अर्ध्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायला लावले. त्यांचे दुखणे सरासरी २०८ दिवसांनी परतले, बाकीच्यांचे ११२ दिवसांनीच. शेतात राबणाऱ्याला वेगळे चालायला कशाला, असे वाटेल, पण वाकून राबणे आणि ताठ चालणे यांत फरक आहे. रोवणीत दर अर्ध्या-पाऊण तासाने सरळ उभे राहून पाठ मागे ताणावी, पऱ्हे उपटणारी आणि रोवणारी यांनी कामे आलटून पालटून करावीत, पाण्याची बाटली धुऱ्यावर ठेवावी. कट्टा शरीराला लावून, गुडघे वाकवून उचलावा.

त्या बाईनंतर मी एक सवय लावून घेतली. कंबर दुखते म्हणून आलेल्या प्रत्येकाला खुर्चीत बसवण्याआधी चार पावले चालायला लावतो आणि विचारतो, "चप्पल पायात राहते ना?" लोक हसतात. हसू द्या. हा प्रश्न आज घरी आपल्या आईला, सासूला, शेजारच्या काकांना तुम्हीही विचारू शकता.